पावसाचं पाणी आपल्याच हद्दीत जिरवायचं कसं: सोलापूरकर घरमालक आणि दुकानदारांसाठी

सोलापुरात मे महिन्यात टँकरवाल्याला फोन लावणारा माणूसच सप्टेंबरात तळघरातलं पाणी उपसायला पंप शोधत फिरतो. नळाला काही दिवसांआड पाणी, आणि हस्ताचा एक पाऊस झाला की दुकानाच्या शटरखालून आत येणारं पाणी. ही दोन्ही दुखणी एकाच जागेवर भेटतात, तुमच्या गच्चीवर. तिथून सुरुवात करायची. मात्र बहुतेक लोक खड्डा खणण्यापासून सुरू करतात आणि जास्तीचं पाणी कुठे जाणार हा विचार शेवटी करतात. मी उलट्या क्रमाने सांगणार आहे, कारण सोलापूरच्या पावसाची चाल तशीच आहे.

पाऊस किती आणि कसा

आपण पर्जन्यछायेत. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. मृगाच्या एक-दोन सरी पडतात, मग जुलैभर नुसतं आभाळ भरून वारा सुटतो, आणि खरा जोर लागतो तो उत्तरा-हस्तात. वर्षातला सर्वांत ओला महिना सप्टेंबर. ऑक्टोबर २०२० चा पाऊस आणि सप्टेंबर २०२५ मधला सीना नदीचा पूर, ज्यात पुणे महामार्ग लांबोटीजवळ बंद पडला, दोन्ही परतीच्या हंगामातलेच. थोड्या दिवसांत पडणारं पाणी वर्षभर पुरवायचं ही इथली जुनीच अडचण. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं, एकोणिसाव्या शतकात एकरूखचा म्हणजे आपल्या हिप्परग्याचा तलाव झाला. आज तो हिप्परगा भरून वाहिला की आदिला नदीचं पाणी शहरातून वाट काढतं, आणि आदिला काय किंवा शेळगीचा नाला काय, त्यांच्या काठाला आपण भिंती भिडवून ठेवल्यात.

थोडक्यात, रिमझिम पावसाच्या गावातला सल्ला इथे चालत नाही. तुमची व्यवस्था दोन टोकांना टिकली पाहिजे: आठ महिने कोरडी राहून बिघडू नये, आणि तासाभराच्या धो-धो पावसात फुटू नये.

हिशोब: एक गुणाकार

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यातलं साधारण ऐंशी टक्के हाती लागतं, बाकी सुकतं आणि उडतं. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. साडेपाचशे मिलिमीटरला वर्षाचं पाणी झालं जवळपास ४१ हजार लिटर. पण पाईप, खड्डा आणि टाकी यांचं माप या आकड्यावरून काढू नका. ते काढायचं एका जोराच्या पावसावरून. ५० मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे त्याच गच्चीवरून सुमारे ३,७०० लिटर, तेही कदाचित तासाभरात.

कारखानदारांनी आपला आकडा काढून बघावाच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाच हजार चौरस फुटांचं पत्र्याचं शेड अगदी सर्रास. त्यावर ५० मिलिमीटर पडले की १९ हजार लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे दहा हजारी दोन टँकर, गेटातून रस्त्यावर जातात. उन्हाळ्यात तेच दोन टँकर तुम्ही विकत घेतलेले असता.

पहिलं काम: पावसात फिरून या

कागदावर नकाशा नंतर. आधी चांगला पाऊस चालू असताना छत्री घेऊन आपल्या हद्दीत चक्कर मारा, खिशात खडू ठेवा. बघायचं एवढंच: गच्चीचं पाणी कुठल्या पन्हळीतून जास्त पडतं, अंगणात ते कुठे थांबतं, शेजाऱ्याचं पाणी तुमच्याकडे येतं का, आणि रस्त्यावरचं पाणी गेटाच्या आत शिरतं का. जिथवर पाणी चढलं तिथे भिंतीवर रेघ मारा आणि तारीख लिहा. ही रेघ पुढे गवंड्याशी, प्लंबरशी आणि कधीकधी शेजाऱ्याशी बोलताना कामाला येते.

हे करताना अनेकांना एक कटू गोष्ट कळेल. डांबर-काँक्रीटचे थर चढत चढत रस्ता वर आलाय आणि घर खाली राहिलंय. जुन्या पेठांत तर उंबरा रस्त्याच्या पातळीला आलेली घरं आहेत. अशा ठिकाणी आपलं पाणी रस्त्यावर सोडायचा प्रश्नच उरत नाही, रस्त्याचं पाणी आत येणार नाही हे आधी बघावं लागतं. गेटाच्या आतल्या बाजूला आडवी नाली आणि तिच्यावर उचलता येणारी लोखंडी जाळी, हा सर्वांत साधा इलाज. जाळी सिमेंटने पक्की करू नका. गाळ काढता आला नाही की पहिल्याच वर्षी नाली भरते.

दुसरं काम: बाहेरची वाट

टाकी भरली, खड्डा भरला, पाऊस थांबलेला नाही. आता पाणी कुठे जाणार? या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय कुदळ हातात घेऊ नका.

शक्य असेल तर ही वाट उघडी ठेवावी: दर दहा फुटाला सव्वा इंच उतार दिलेली, डोळ्यांना दिसणारी नाली, जी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात उतरते. उतार डोळ्याने ठरवू नका. गवंड्याकडे लेव्हलची नळी असते, ती लावायला लावा. हद्दवाढ भागात अनेक ठिकाणी रस्त्याकडेला पावसाळी गटारच नाही. तिथे हद्दीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात खोलगट वाफा करावा लागतो, त्याचं पुढे सांगतो. रस्त्याचं किंवा महापालिकेच्या गटाराचं काहीही फोडायचं असेल तर आधी झोन कार्यालयात विचारा.

आणि एक गोष्ट कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका: पन्हळीचा पाईप ड्रेनेजच्या चेंबरला जोडणं. प्लंबरला ते सोपं पडतं, चेंबर जवळच असतो. पण ड्रेनेजची लाईन संडास-मोरीच्या पाण्यासाठी असते. गल्लीतल्या वीस गच्च्यांचं पाणी तिच्यात एकदम घुसलं की चेंबरची झाकणं उचलली जातात, आणि तो मैला सर्वांत खालच्या घराच्या न्हाणीतून वर येतो. जुन्या घरात अशी जोडणी असेल तर ती तोडणं हे तुमचं पहिलं खर्चाचं काम समजा.

तिसरं: गच्ची, पत्रा, पन्हळ

ताशी १०० मिलिमीटर जोराच्या पावसात चार इंची एक पाईप जेमतेम ४२ चौरस मीटर छताचं, म्हणजे साधारण साडेचारशे चौरस फुटांचं पाणी ओढतो. हजार फुटी गच्चीला चार इंचीचे दोन पाईपही थोडे कमी पडतात, तीन हवेत. आपल्याकडे एकच असतो, त्याच्या तोंडाशी पिंपळाची रोपं आणि पतंगाचा मांजा असतो, आणि मग गच्ची गळते म्हणून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं जातं.

तोंडाला घुमटाकार जाळी बसवा. सपाट जाळीवर एक पान पडलं तरी भोक बंद होतं. पत्र्याच्या शेडला वळचणीची पन्हळ मध्ये झोळ खाणार नाही अशी, पुरेशा जवळजवळ पट्ट्यांवर टेकवा.

पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांची गोष्ट थोडी निराळी. टॉवेल-चादरीची रुई खिडक्यांतून, पंख्यांतून उडून पत्र्यावर बसते, त्यावर मेभरातला फुफाटा. मृगाची पहिली सर आली की पन्हळीतून जे उतरतं ते पाणी म्हणवत नाही: तपकिरी, फेसाळ, आणि त्यात भिजलेल्या रुईच्या बोटभर लांब वाती. जाळीवर हात फिरवला की त्याचा नमदा निघतो. हा नमदा एकदा शोषखड्ड्याच्या, म्हणजे पाणी जिरवायच्या दगड-वाळू भरलेल्या खड्ड्याच्या, वाळूवर बसला की खड्डा संपला. म्हणून कारखान्यांत एक नव्हे, दोन जाळ्या: पन्हळीच्या तोंडाशी मोठ्या भोकाची, आणि खाली जमिनीजवळ, हात पोचेल अशा चेंबरमध्ये बारीक.

पहिलं पाणी सोडून देण्याची सोय घर असो की कारखाना, हवीच. पहिल्या दोन मिलिमीटर पावसात छत धुऊन निघतं असं धरा. हजार फुटी गच्चीला ते पाणी होतं जवळपास १९० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचं एक पिंप. बाजारात उभ्या पाईपाचे तयार संच मिळतात, पण चार इंची पाईपात मीटरला आठच लिटर पाणी मावतं. दहा फूट पाईप लावला तरी पंचवीस लिटरही होत नाहीत. आपल्या धुळीला ते पुरत नाही. त्यापेक्षा खाली एक टी, म्हणजे पाईपाला दोन वाटा फोडणारा जोड, आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा. उघडा ठेवला की पाणी बाहेर, बंद केला की टाकीकडे. पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, पाणी निवळ दिसलं की बंद करायचा. घरात माणूस नसेल तर तो उघडाच राहू द्या. एक पाऊस वाया गेला तर जाऊ द्या.

चौथं: साठवायचं किती

आपल्याकडे घराघरात हौद आणि काळ्या टाक्या आधीच आहेत, नळाच्या पाळीमुळे. मोह होतो की पावसाचं पाणी त्याच हौदात सोडावं. सोडू नका. नळाचं पाणी प्यायचं, छताचं पाणी वापरायचं. दोन्हींचे कप्पे वेगळे ठेवा. छताचं पाणी धुणी-भांडी, संडास, झाडं, फरशी आणि कूलर यांना उत्तम. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावरचं पाणी पिण्याच्या वाटेलाच जाऊ नये.

सुरुवात हजार-दोन हजार लिटरच्या एका टाकीने पुरे. मोठी टाकी सप्टेंबरात दोनदा भरते आणि बाकी वर्षभर जागा अडवते. झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या तोंडाला मच्छरदाणीसारखी बारीक जाळी. डेंग्यूचा डास साफ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडाभरच लागतो.

जमिनीखालचा हौद असेल तर त्याचं झाकण अंगणाच्या पातळीपेक्षा किमान फूटभर वर उचला. एकदा रस्त्याचं पाणी हौदात शिरलं की आतलं सगळं पाणी उपसून, हौद घासून, ब्लीचिंग टाकल्याशिवाय ते वापरता येत नाही. मोटारीचा स्टार्टर, मीटरची पेटी, यूपीएस हे सगळं त्या खडूच्या रेघेच्या वर. तळघरातल्या दुकानदारांनी हे काम आज करावं, बाकी लेख नंतर वाचावा.

पाचवं: जिरवणं, आणि काळ्या मातीची फसवणूक

इथेच सोलापूर वेगळं पडतं. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्टचा काळा पाषाण. काही ठिकाणी, विशेषतः जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या प्लॉटांवर, फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. दुसऱ्या गल्लीत सहा फूट खणलं तरी चिकण काळी. म्हणून शेजाऱ्याचा खड्डा चालतो म्हणून आपला चालेल असं नसतं.

चाचणी घरच्या घरी होते. जिथे शोषखड्डा करायचा तिथे फूटभर रुंदीचा खड्डा, काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खणा. पाणी भरा. उन्हाळ्यात हे पाणी बघता बघता गायब होईल, आणि खणणारा खूश होईल. त्यावर विश्वास ठेवू नका. काळ्या मातीला मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पाणी त्या भेगांत जातं. ओली झाली की माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागच्या जागी उभं राहतं. म्हणून पहिलं पाणी जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, आणि तासाला किती इंच उतरलं ते काठीवर खूण करून मोजा. तासाला इंचभरही उतरत नसेल तर तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. टाकी आणि वाफा यांवर भर द्या.

पाणी उतरत असेल तर पाच फूट बाय पाच फूट, सहा-साडेसहा फूट खोल खड्डा घरासाठी ठीक. तळाला डबर, त्यावर खडी, सर्वांत वर जाड वाळू. वाळू वर का? गाळ वाळूवरच अडतो आणि वरचे चार इंच काढून धुता येतात. उलटं भरलं तर सगळा खड्डा उपसावा लागतो. भरलेल्या खड्ड्यात दगडांमधली पोकळी निम्म्याहूनही कमी असते. पंधराशे-अठराशे लिटर त्यात एका वेळी मावतील. तुमच्या गच्चीवरून ३,७०० येणार आहेत. म्हणूनच बाहेरची वाट आधी.

जागा निवडताना पायापासून किमान दहा फूट लांब. काळी माती भिजून फुगली आणि सुकून आकसली की भिंतींना तिरप्या चिरा जातात. पायाशी पाणी जिरवणं म्हणजे त्या चिरांना बोलावणं. सेप्टिक टँकपासून पन्नासेक फूट अंतर ठेवा. एवढं अंतर मिळत नसेल, आणि छोट्या प्लॉटवर ते मिळत नाहीच, तर जिरवायचा हट्ट सोडा.

बोअरचं पुनर्भरण करायचं असेल तर एकच नियम पाळा: त्यात फक्त छताचं, गाळलेलं पाणी. अंगणाचं नाही, पार्किंगचं नाही, रस्त्याचं तर मुळीच नाही. खडकाच्या फटींतून गेलेली घाण मातीतून गेल्यासारखी गाळली जात नाही. तुमच्या बोअरमध्ये सोडलेलं ऑईल शेजारच्याच्या बोअरमध्ये निघू शकतं. बंद पडलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडणारे लोक आहेत. त्यांच्याशी भांडा.

जुन्या वाड्यांत आड असतो, बहुधा वर फरशी टाकून विसरलेला, नाहीतर निर्माल्य आणि राडारोडा भरलेला. तो साफ करून छताचं पाणी त्यात सोडलं तर नवीन खड्ड्याची गरजच पडत नाही. फक्त जुन्या आडात माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासून घ्या. कुजलेल्या गाळात वायू साचतो. हे जाणकार कामगारांचंच काम.

खोलगट वाफा

हा सर्वांत स्वस्त उपाय. अंगणाच्या खालच्या बाजूला, पायापासून लांब, सहा इंच खोल वाफा. माप छताच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं. हजार फुटी गच्चीला शंभर चौरस फूट, त्यात चौदाशे लिटरच्या आसपास पाणी थांबतं. वरची काळी माती थोडी काढून मुरूम आणि शेणखत मिसळा. नुसती वाळू चिकण मातीत मिसळू नका. कडेला वाळा आणि हरळी, मधल्या ओल्या भागात कर्दळ. वाळा आपला उन्हाळाही काढतो. दोन दिवसांत पाणी जिरलं नाही तर खोली कमी करा.

अंगणभर फरशी घातली असेल तर निदान कुंपणाच्या कडेची दोन फूट पट्टी उघडी करा. फरशी काढायला घरचे तयार होत नाहीत, हे मला माहीत आहे. चिखल होतो म्हणतात. खडी पसरा.

धंदेवाल्यांसाठी

रंगाई, सायझिंग किंवा प्रोसेसचं काम असेल तर पावसाचं पाणी आणि कारखान्याचं सांडपाणी यांच्या नाल्या पूर्ण वेगळ्या, कुठेही एकमेकींना न शिवणाऱ्या. रंगाची पिंपं, कॉस्टिक, रिकामे कॅनसुद्धा छपराखाली, उंच ओट्यावर. उघड्यावर ठेवलेल्या कॅनवर पडलेला पाऊस हा पाऊस राहत नाही, सांडपाणी होतो.

गॅरेज आणि वॉशिंग सेंटरवाल्यांनी नालीच्या शेवटी तीन कप्प्यांचा चेंबर करावा. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं आणि पाणी खालच्या वाकवलेल्या पाईपातून तिसऱ्यात जातं. तेल काढून डब्यात भरायचं, गटारात नाही.

मंगल कार्यालयं, हॉटेलं, शोरूम यांच्याकडे पार्किंगची मोठी जागा असते. सगळीकडे काँक्रीट करण्यापेक्षा गाड्या उभ्या राहतात तिथे पोकळ जाळीचे ब्लॉक आणि त्यात खडी, चाकं फिरतात तेवढ्याच पट्ट्यात काँक्रीट.

नवी पेठेतल्या दुकानदाराकडे जमीन नाही, गच्चीही सामायिक. त्याने तीनच गोष्टी कराव्यात: दुकानापुढच्या गटारावर पक्का स्लॅब न टाकता उचलायची जाळी, शटरच्या खोबणीत बसवायची रबर पट्टीची फळी, आणि माल जमिनीपासून फूटभर उंच रॅकवर. बाकी गच्चीचं काम सगळ्या गाळेधारकांनी मिळून.

नवीन बांधकाम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची सोय बंधनकारक आहे. नकाशावर दाखवलेला खड्डा जागेवर आहे का, हे फ्लॅट घेताना विचारा. झाकण उघडून बघायला सांगा. बऱ्याचदा आत कोरडी वाळू असते आणि तिच्याकडे येणारा पाईपच नसतो.

वर्षाचं वेळापत्रक

मृगाआधी, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात: गच्ची झाडणे, जाळ्या काढून धुणे, बादलीभर पाणी ओतून प्रत्येक पाईप वाहतो का बघणे, व्हॉल्व्ह उघडा ठेवणे. गौरी-गणपतीच्या आधी पुन्हा एकदा जाळ्या, कारण पुढे खरा पाऊस आहे. हस्त संपल्यावर खड्ड्यातली वरची वाळू काढून धुऊन पुन्हा भरणे. कारखान्यात रुईमुळे हे दर जोराच्या पावसानंतर बघावं लागतं. हे काम कुणाकडे आहे त्याचं नाव भिंतीवर लिहा, नाहीतर ते कुणाचंच नसतं.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा लावा: ड्रेनेजची चुकीची जोडणी तोडणे, वीज आणि हौदाचं झाकण वर घेणे, जाळ्या आणि व्हॉल्व्ह, मग वाफा, मग टाकी, आणि चाचणी पास झाली असेल तरच शोषखड्डा. पहिल्या तीन कामांना एक प्लंबर, एक वायरमन आणि एक रविवार पुरतो.